बोचक्यातलं रुखवत

बोहारणीशी सौदा कसा करायचा हे बायकांना कळत नाही, असं माझं फार जुनं मत होतं. त्या उगाच लांबण लावतात. साडीचा पदर उलगडून दाखवायचा, 'अगं, दोनदाच नेसलीय' म्हणायचं, तिनं त्यात भोक शोधायचं, यांनी ते भोक नसून नक्षी आहे म्हणायचं, आणि सगळी दुपार घालवून हातात काय, तर वरण वाढायचा एक डाव. पुरुषानं मनावर घेतलं तर चहा गार व्हायच्या आत निकाल लागेल, असं मी घरात बोलूनही दाखवलं होतं. बायको त्यावर काही बोलली नव्हती. ती बोलली नाही म्हणजे मी जिंकलो, असं मला त्या काळी वाटायचं.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. आम्ही पंचवटीत राहत होतो. आई, मी, बायको आणि माझी धाकटी बहीण. बहिणीचं लग्न दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागायतदारांच्या घरात ठरलं होतं. बागेतला माल उतरून गेल्याशिवाय त्या भागात कुणाला लग्नाबिग्नाचं सुचत नाही, म्हणून तारीख वैशाखातली धरली होती. शिमगा झाला आणि दोन्हीकडच्या बायकांनी बस्त्याचा दिवस ठरवला. बस्ता म्हणजे दिवसभर साड्यांच्या दुकानात बसणं. तिथल्या पांढऱ्या गादीवर टेकलो की मला झोप लागते, आणि नुसती लागत नाही तर मी घोरतोही, हे एका चुलत बहिणीच्या बस्त्यात जगजाहीर झालेलं होतं. त्यामुळे मला घरी ठेवण्यात आलं. कारण असं दिलं की पाण्याची टाकी दुरुस्त करायला माणूस येणार आहे. निघता निघता बायको म्हणाली, "बोहारीण आली तर पलंगाखालचं बोचकं द्या. जुन्या साड्या बांधून ठेवल्यात."

टाकीचा माणूस आला नाही. बोहारीण आली.

मी पलंगाखाली वाकलो. एका जुन्या चादरीत बांधलेलं बोचकं पुढेच होतं. त्याच्या मागे, भिंतीला लागून, त्याच चादरीच्या उरलेल्या अर्ध्या तुकड्यात बांधलेलं आणखी एक होतं. दोन बोचकी म्हणजे दुप्पट माल. मी दोन्ही ओढली.

बोहारीण पायरीवर पाटी उतरवून बसली होती. पहिलं बोचकं तिनं सोडून नीट पाहिलं. दुसऱ्याच्या गाठीला हात घातला तशी मी म्हणालो, "बघायचं काय त्यात? पहिल्यासारखाच माल आहे. मोठं पातेलं देणार असशील तर बोल."

"भाऊ, वहिनी येऊ द्या की घरी. मी उद्या फिरून येते."

"वहिनीचं काय काम आहे? मी देतोय ना?"

तिनं पाटीतलं सगळ्यात मोठं पातेलं काढून माझ्यापुढे ठेवलं, दोन्ही बोचकी डोक्यावर चढवली आणि गेली. इतक्या झटकन उठून गेलेली बोहारीण मी आजवर पाहिलेली नाही, आणि मला शंका यायला तेवढं पुरेसं होतं. पण मी पातेल्यावर टिचकी मारून त्याचा आवाज ऐकण्यात गुंतलो होतो.

संध्याकाळी बायका दमूनभागून आल्या तर समोरच्या खोलीत, टेबलावर, पातेलं. मी बाजूला उभा. बायकोनं ते उचललं, उलटं करून बुड पाहिलं, बोटानं कडा चाचपली. "जाड आहे," ती म्हणाली. मी खूश. मग तिनं विचारलं, "एवढ्याशा साड्यांवर हे कसं काय दिलं तिनं?"

"एवढ्याशा कुठं? दोन बोचकी होती."

बहीण आत धावली. पलंगाखालून तिचा आवाज आला, "दादा! बदकं पण गेली?"

बदकं म्हणजे काय ते सांगायला हवं. बहीण सातपूरच्या एका कारखान्यात हिशेब बघायची. आकड्यांत पक्की, पण सुई हातात धरली की बोट आणि कापड यांतला फरक तिला कळत नसे. तरीही तिनं रुखवताला हात घातला होता, आणि तोही माझ्यामुळे. झालं होतं असं, की मुलगी बघायला मंडळी आली तेव्हा मुलाच्या आईनं, म्हणजे आता होणाऱ्या विहीणबाईंनी, एकच प्रश्न विचारला होता, "हाताची काही कला हाय का?" बहीण खरं तेच सांगणार होती. पण तिच्या तोंडून 'ना' निघायच्या आत मी म्हणालो, "भरपूर! रुखवतात बघालच." का म्हणालो? कांदेपोहे छान झाले होते, सगळे हसतखेळत होते, अशा वेळी माझी जीभ मला न विचारता काम करते.

त्यामुळे दिवाळीपासून बहीण रोज कारखान्यातून आली की दुसुतीवर टाके घालत बसायची. तलावात पोहणारी बदकं काढायची होती. मानेचा अंदाज चुकला आणि बदकांचे उंट झाले, पण तिनं चिकाटीनं उंटच्या उंट पूर्ण केले. एक टीव्हीवर घालायचं कापड, दोन उशांचे अभ्रे, एक क्रोशाचा रुमाल, जो गोल व्हायला हवा होता. एवढी सगळी कमाई त्या दुसऱ्या बोचक्यात, आणि ते बोचकं आता नाशिकच्या कुठल्या गल्लीत होतं कोण जाणे.

आई म्हणाली, "रडू नका. शेजारणीचं आणू."

आमच्या शेजारणीकडे तेव्हा एक तयार रुखवत होतं. थर्मोकोलचं देऊळ, सुपारीचे नवरा-नवरी, डाळींची रांगोळी काच लावून. तिच्या मुलीच्या लग्नात केलेलं. ते पुढे हिच्या भाचीला, तिच्या नणंदेला असं करत पंचवटीतल्या निम्म्या लग्नांत मांडून झालं होतं. कळसावर नवी चमकी लावली की देऊळ पुढच्या लग्नाला तयार. आमच्यासकट सगळ्यांनाच त्याची ओळख होती, आणि सगळेच दरवेळी 'किती सुंदर हो' म्हणायचे.

बहीण डोळे पुसत म्हणाली, "ते देऊळ नको. त्याला माझ्यापेक्षा जास्त मंगलाष्टकं पाठ आहेत."

"अगं, कोण विचारतंय?" आई म्हणाली.

"सासूबाई विचारतील. हे तू केलंस का म्हणून. मग मी काय सांगू? आई, त्या घरात मला जन्म काढायचाय. पहिल्याच दिवशी खोटं सांगून नाही जायचं मला आत. त्यापेक्षा रिकामं टेबल मांडा, आणि दादाला बसवा त्याच्यावर."

यावर बायको हसली. त्या संध्याकाळी घरात हसलेली ती पहिलीच. म्हणाली, "बोहारणी जुनं सगळं गंगेवर नेऊन विकतात. बुधवारी बाजारात बघू."

नाशिककराला गोदावरी म्हणजे गंगा आणि गंगेवरचा बाजार म्हणजे बुधवार. भाजी, धान्य, मसाले, आणि एका कडेला जुन्या वस्तूंची मांडामांड. बुधवारी मी साहेबांकडून अर्धी रजा मागून घेतली, बायकोला स्कूटरवर बसवलं आणि निघालो. आमची बोहारीण काही दिसली नाही. जुन्या कपड्यांचे ढीग आम्ही एकामागून एक उपसले. बदक नाही की उंट नाही. एक विक्रेती म्हणाली, "काय शोधता भाऊ?" मी म्हणालो, "बदकं." तिनं कोंबड्या विकतात तिकडे हात दाखवला.

मी घाम पुसत उभा राहिलो आणि वळून पाहतो तर बायको एका पोत्याशेजारी उकिडवी बसलेली. तिच्या मांडीवर काचेच्या मण्यांचा गुंता होता. तिनं तो दोन हातांनी अलगद ताणला आणि त्यातून एक पोपट बाहेर आला. हिरवा, लाल चोचीचा. मग दुसरा. दाराला लावायचं मण्यांचं तोरण होतं ते. दोऱ्या कुजल्या होत्या, खालच्या लडी तुटून लोंबत होत्या, एका टोकाचा पोपट तर अख्खाच नव्हता.

"अहो, हे कुणाच्या तरी रुखवतातलं आहे," ती म्हणाली. पोत्यात आणखी हात घालून तिनं एका पैठणीचे सुटे काठ काढले, मग एक पितळी सोऱ्या, शेवेची एकच चकती उरलेला, मग रंग उडालेली लाकडी रवी. "कुणी कुणी किती मन लावून केलेलं, वापरलेलं. आणि बघा, कुठं येऊन पडलंय."

"माझ्यासारखी माणसं घरोघरी असणार," मी म्हणालो.

"ते तर आहेच," ती म्हणाली, आणि विक्रेतीशी बोलायला लागली. तो सौदा मी बाजूला उभा राहून पाहिला. लांबण लागली, पण शेवटी सोऱ्याच्या किमतीत पोतंच घरी आलं.

तिथून पुढचे दोन महिने आमचं घर म्हणजे कारखाना झाला. दर बुधवारी गंगा, दर रविवारी पसारा. काठ धुऊन, इस्त्री करून जुन्या फोटोंच्या चौकटीत बसवले, तर भिंतीवर लावायला अशा पट्ट्या झाल्या की आई म्हणाली, देवांच्या तसबिरी काढून याच लावाव्यात. सोऱ्या चिंचेनं घासला, उलटा ठेवून आत बल्ब बसवला. तो लागला की चकतीच्या भोकांतून छतावर ठिपक्यांची रांगोळी पडायची. फुटक्या बांगड्यांचं झुंबर झालं. कंदिलाची तडा गेलेली काच फुलदाणी झाली. हे सगळं बायकोचं डोकं. तिला कुठलीही वस्तू उलटी धरून बघायची सवय आहे. उलटी धरली की ती दुसरंच काही दिसते म्हणते. मलाही तिनं अधूनमधून तसंच धरून पाहिलं असावं.

माझंही योगदान होतं, नाही असं नाही. द्राक्षांच्या लाकडी खोक्यांपासून मी एक मांडणी केली. ती डावीकडे कलत होती. मी डाव्या पायाखाली पाचर मारली, ती उजवीकडे कलली. शेवटी बायकोनं तिच्यात उजवीडावीकडे वस्तू अशा तोलून ठेवल्या की कुणी हात लावला नाही तर ती सरळ दिसे. रवीला लाल ऑइलपेंट मी दिला आणि वाळायला खुर्चीवर ठेवून विसरलो. मग मीच तिच्यावर बसलो. ती पँट मी पुढे बरीच वर्षं रंगपंचमीला वापरली.

आणि बहीण? तिला वाटलं होतं, आपल्याला यात काही जमणार नाही. पहिल्या रविवारी ती लांबूनच बघत होती. बायकोनं तिच्यापुढे तो तोरणाचा गुंता ठेवला. "हा नुसता सोडव," म्हणाली. बहीण सोडवायला लागली. सोडवता सोडवता थांबली, कागद-पेन्सिल घेऊन आली, चौकटी आखल्या आणि एका पोपटाच्या शेपटीपासून मणी मोजत गेली. तासाभरानं तिनं मान वर केली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी बदकांच्या वेळी कधी पाहिलं नव्हतं.

"वहिनी, ह्यात टाका नाहीच! ह्यात नुसता हिशेब आहे!"

मग ती कुणाला आवरेना. मेनरोडच्या एका दुकानातून नवे मणी आणले. कुजलेल्या दोऱ्या काढून सगळं तोरण तिनं नव्या दोऱ्यात ओवलं. आठवड्यामागून आठवडे, कारखान्यातून आली की तोरण. खालच्या लडी झाल्या आणि अखेर तो हरवलेला पोपट करायची वेळ आली. आता गंमत अशी, की उरलेल्या तीन पोपटांपैकी दोघांच्या चोची लाल होत्या आणि हरवलेल्याच्या समोर जो बसला होता त्याची चोच पिवळी. ती कुणाची तरी चूक आहे हे उघड होतं. मी म्हणालो, "तुझ्या पोपटाला लालच कर. पोपटाची चोच लाल असते, हे तिसरीतलं पोर सांगेल."

बहीण म्हणाली, "पण याच्या समोरच्याची पिवळी आहे ना. जोडी आहे त्यांची."

"चूक आहे ती!"

"असू दे. एकट्याची चूक वाईट दिसते. दोघांची असली की नक्षी."

मी वाद घातला, हरलो. पोपट पिवळ्या चोचीचा झाला.

लग्न नाशिकमधल्याच द्वारका चौकाच्या पुढे एका मंगल कार्यालयात होतं. सकाळी कार्यालयाच्या एका बाजूला लांब टेबलं लावून, पांढरी चादर अंथरून आम्ही रुखवत मांडलं. मागच्या भिंतीवर काठांच्या पट्ट्या, मधोमध सोऱ्याचा दिवा, कडेला माझी मांडणी आणि तिच्याजवळ 'हात लावू नये' अशी पाटी. सगळ्यांच्या वर, दोन खांबांना बांधून, तोरण. खिडकीतून ऊन आलं आणि मणी असे चमकले की वाजंत्रीवालेसुद्धा वाजवता वाजवता बघायला आले.

सकाळीच बहिणीनं मला बजावलं होतं, "दादा, कुणी विचारलं तर खरं सांगायचं. जुन्याचं नवं केलंय म्हणून सांगायचं. लाज कसली त्यात?" मी मान डोलावली. माझा इरादा अगदी चांगला होता. पण मुलाकडची मंडळी जीपमधून उतरली, एकेक बाई टेबलाशी येऊन 'अगं बाई!' करू लागली, आणि माझी ती जीभ. "हे सगळं आमच्या धाकटीच्या हातचं," मी म्हणत होतो. "हेही तिच्याच हातचं. तोरण? तोरण तर पहिल्या मण्यापासून तिनं ओवलंय!" दोन बायकांना सांगितलं, चौघींना सांगितलं. गर्दी वाढली तसा माझा आवाजही वाढला.

गर्दीतून विहीणबाई पुढे आल्या. नऊवारी, ठसठशीत कुंकू, उन्हातान्हात बाग सांभाळून रापलेला चेहरा. टेबलाकडे त्यांनी पाहिलंच नाही. त्या थेट तोरणाकडे बघत उभ्या राहिल्या. बराच वेळ. 

"हे कोनी केलं?" त्यांनी विचारलं.

माझं तोंड उघडलं होतं, पण मागून बायकोनं माझ्या सदऱ्याचं टोक असं खेचलं की शब्द आतच राहिला. विहीणबाई वळल्या आणि बहिणीच्या खोलीकडे निघाल्या. तिथं जायची गरज पडली नाही. गौरीहराला बसायला निघालेली बहीण, पिवळ्या साडीत, मुंडावळ्या बांधलेली, दारातच उभी होती. तिनं माझं सगळं भाषण ऐकलेलं होतं.

"पोरी, हे तोरन तू केलं?"

सगळं कार्यालय ऐकत होतं. आईनं डोळ्यांनी बहिणीला खूण केली, हो म्हण. मी जमिनीकडे बघितलं. एका 'हो'नं सगळं निभावलं असतं, भावाची अब्रूसुद्धा.

"नाही," बहीण म्हणाली. "मी नाही केलं. दादा-वहिनीनं गंगेवरच्या बाजारातून आणलं. तुटलेलं होतं. मी ते पुन्हा ओवलं, एवढंच. खालच्या लडी माझ्या आहेत. आणि एक पोपट."

"कंचा?"

बहिणीनं बोट दाखवलं. विहीणबाईंनी टाचा उंचावून तो पोपट दोन बोटांत धरला, मग शेजारचा धरला, मग पुन्हा पहिला.

"याची चोच पिवळी का केली?"

"समोरच्याची पिवळी होती. जोडीला जोड हवी म्हणून."

विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, संपलं. आता वऱ्हाड जीपमध्ये बसतं परत. पण पदर बाजूला झाला तेव्हा त्या हसत होत्या, आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं.

"लाल मनी संपले व्हते गं," त्या म्हणाल्या. "माझं लगीन ठरलं तवा मी केलं हे. माहेरी, पडवीत बसून. बापाला सांगितलं, लाल मनी आना, लाल मनी आना. त्यो दर बाजाराला इसरायचा. मंग लगीन आलं तोंडावर, म्हनलं घालते पिवळे. दोन्ही पिवळ्याच व्हत्या चोची. तू बरुबर केलं."

आणि मग त्या वळल्या. त्यांचा आवाज बदलला. "अहो! जरा हिकडं या. तुमचा माल आलाय."

फेटा सावरत व्याही पुढे आले. त्यांनी तोरण पाहिलं, आपल्या बायकोकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव आला तो मला आरशासारखा ओळखीचा वाटला. जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं तेव्हा सामान बोचक्यांत बांधून ठेवलेलं होतं, विहीणबाई बागेत होत्या, आणि दारात आली होती बोहारीण.

"मला काय ठावं त्यात काय व्हतं," व्याही म्हणाले. "बोचकं व्हतं, दिलं."

"आन् काय घेतलं बदल्यात?" विहीणबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं. "सांगा की."

"बादली," व्याही हळूच म्हणाले.

कार्यालय हसून हसून लोटपोट झालं. मला कसं कोण जाणे, एकदम बळ आलं. मी पुढे झालो आणि व्याह्यांचा हात धरून म्हणालो, "मी पातेलं घेतलं." मग मी त्यांना बदकांची सगळी गोष्ट सांगितली, पहिल्या खोट्यापासून, आणि त्या दोन महिन्यांत पहिल्यांदाच माझ्या जिभेनं मला हवं ते काम केलं. त्यांनी मला मिठी मारली. व्याह्यांच्या गळाभेटी लग्नात होतातच, पण त्यासाठी दोघांत काही समान असावं लागतं असं म्हणतात. आमच्यात एवढं होतं.

विहीणबाई मात्र बहिणीपाशीच होत्या. तिच्या मुंडावळ्या सरळ करत म्हणाल्या, "तू 'मी केलं' म्हनली असतीस ना, तर मी काय बोलले नसते. गप बसले असते. पन जलमभर इसरले नसते, आन् तुला कळलं बी नसतं का ते." मग तिच्या हनुवटीला हात लावून, "तुझा पोपट माझ्यापेक्षा बरा झालाय. आता एकच काम कर. घरात पाय टाकशील तवा हेच दाराला लावायचं, आन् ते तुझ्या हातानं."

बहिणीला रडू फुटलं, आई तर आधीच रडत होती, आणि वाजंत्रीवाल्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी जोरात वाजवायला सुरुवात केली. त्या धक्क्यानं असेल किंवा कुणाचा तरी कोपर लागून असेल, माझी मांडणी डावीकडे कलून आडवी झाली. कुणाचंच लक्ष गेलं नाही. व्याह्यांनी आणि मी मिळून ती उचलली.

रुखवत मुलीबरोबर सासरी जातं, तसं ते गेलं. तोरण ज्या घरातून बोहारणीच्या डोक्यावर निघालं होतं त्याच घराच्या दाराशी जीपमधून परत गेलं. पुढे बहिणीच्या हाताला ते वेडच लागलं. दोन हजार सालानंतर त्या गावात ज्या ज्या मुलीचं लग्न निघे ती कागद-पेन्सिल घेऊन तिच्याकडे चौकटी आखायला यायची. आमच्या घरात बुधवारची सवय टिकली ती टिकलीच. आजही आमच्याकडे आलेल्या पाहुण्याला दिवा कुठला आणि सोऱ्या कुठला हे सांगावं लागतं. बदकं मात्र सापडली नाहीत. कुणाच्याही घरी गेलो की टीव्हीवर काय अंथरलंय ते मी अजून चोरून बघतो.

पण सांगायचं राहिलं. पाठराखीण म्हणून माझी बायको बहिणीबरोबर दिंडोरीला गेली होती. ती परत आली त्या सकाळी मी तिला एकेक विचारत होतो. स्लॅबच्या घराच्या दाराला बहिणीनं स्टुलावर चढून तोरण कसं बांधलं, विहीणबाईंनी खालून स्टूल कसं धरलं, माप ओलांडून बहीण त्याच तोरणाखालून कशी आत गेली, आणि दुसऱ्या दिवशी सासू-सुना पडवीत मणी निवडत कशा बसल्या, हे ती सांगत होती आणि माझी छाती फुगत होती. शेवटी मला राहवलं नाही.

"म्हणजे बघ," मी म्हणालो, "मी जर त्या दिवशी ते बोचकं दिलं नसतं, तर गंगेवर जाणं नाही, तोरण नाही, पोपट नाही. शेजारणीचं देऊळ मांडलं असतं आपण. हे सगळं नीट लावलं तर त्याच्या मुळाशी कोण आहे?"

ती चहा टाकत होती. घरात अजून पाहुणे होते म्हणून चहा त्याच मोठ्या पातेल्यात होता. तिनं साखर घातली, आलं किसून घातलं, आणि वर झाकायला काही सापडेना म्हणून एक ताट शोधून आणून उपडं घातलं. ताट मोठं होतं, ते एका बाजूला कललं, माझ्या मांडणीसारखं.

"तुम्हीच आहात," ती म्हणाली. "सगळं खरं. पण एवढी दोन बोचकी दिलीत, तर पातेल्यावर झाकण मागून घ्यायला काय झालं होतं?"